सहजीवनाचा करार आणि घरची शाळा



वधूवर-सूचक मंडळाच्या अर्जात उंची, वर्ण, वेतन, घर आणि पत्रिका यांना रकाने असतात. पुरोगामी घरांतील तरुण-तरुणी जात आणि पत्रिका यांचे रकाने कोरे सोडतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मूल सहा वर्षांचे झाल्यावर त्याला शाळेत घालायचे की घरीच शिकवायचे, या प्रश्नाला अर्जात सहसा जागा नसते. विवाहापूर्वीच्या दीर्घ गप्पांतही तो निघत नाही. मग एके दिवशी शाळाप्रवेशाची तारीख जवळ येते आणि हुंडा, जात, कर्मकांड या साऱ्यांविषयी एकमत असलेल्या दोन माणसांत दरी पडते.

गृहशिक्षणाची ओढ परिवर्तनवादी तरुणांत निर्माण झाली, याला कारणे आहेत. घोकंपट्टी, खासगी शिकवण्यांचा बाजार, भरमसाट शुल्क आणि मातृभाषेची उपेक्षा ही कारणे कोणीही नाकारणार नाही. इव्हान इलिच यांनी १९७१ साली ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या ग्रंथात शाळा या संस्थेच्या मुळावरच प्रश्नचिन्ह लावले. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली गृहशिक्षण करणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक सुरू केले. भारतात ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात गृहशिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद नाही. तरीही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा किंवा महाराष्ट्रात बोर्डाचा १७ नंबरचा अर्ज, या वाटांनी नियमित शाळेत न जाणारे मूलही प्रमाणपत्रापर्यंत पोहोचू शकते.

तेव्हा ‘या बाबतीत समविचारी जोडीदार हवा’ ही अपेक्षा गैर नाही. प्रश्न असा की, समविचारी म्हणजे काय?

गृहशिक्षण हा एकच शब्द तीन माणसे तीन अर्थांनी वापरतात. एकाला मुलाला गुणांच्या शर्यतीतून सोडवायचे असते. दुसऱ्याला शाळेत ‘वाया जाणारा’ वेळ वाचवून प्रवेशपरीक्षेची तयारी लवकर सुरू करायची असते. तिसऱ्याला आपले मूल वस्तीतल्या मुलांबरोबर बसायला नको असते. मात्र तो हे उघड बोलत नाही, संस्कारांची भाषा बोलतो. या तिघांपैकी कोणत्याही दोघांचा विवाह झाला, तर ‘आमचे एकमत आहे’ असे ते लग्नापूर्वी प्रामाणिकपणे सांगतील आणि लग्नानंतर एकमेकांना फसवे म्हणतील. म्हणून होकारापेक्षा त्या होकारामागचे कारण विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू निर्णय कोणाचा, ही आहे. गांधीजी जानेवारी १८९७ मध्ये दरबानला उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर नऊ आणि पाच वर्षांची दोन मुले आणि दहा वर्षांचा भाचा होता. युरोपियन मुलांच्या शाळेत खास सवलत म्हणून या मुलांना प्रवेश मिळू शकला असता. परंतु इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी त्यांना नको होते. भूमिका थोर होती, यात शंका नाही. पुढे दरमहा ७ पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवली गेली, गांधीजी स्वतःही शिकवीत. पण वकिली आणि सार्वजनिक कार्य यांतून त्यांना पुरेसा वेळ कधीच मिळाला नाही. मुलांच्या मनात याची खंत राहिली, हे त्यांनी आत्मकथेत लपविलेले नाही. थोरले चिरंजीव हरिलाल शालेय शिक्षणाच्या ओढीने १९११ साली वडिलांपासून दूर झाले, आणि ती जखम अखेरपर्यंत भरली नाही.

या सर्व हकिगतीत कस्तुरबांचे मत काय होते? त्या स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या; त्यांना शिकविण्याचे आपले प्रयत्न फसले, हेही गांधीजींनीच नमूद केले आहे. ज्या घरात आईला अक्षरांचा अधिकार मिळालेला नाही, तेथे मुलांच्या शिक्षणाविषयी ती समान अधिकाराने कशी बोलणार? महात्म्याच्या घरीही प्रयोग एकाचा राहिला आणि परिणाम मात्र सर्वांनी भोगले, एवढा बोध यातून घ्यायला हवा.

याच्या उलट चित्र अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी दिसते. सनातन्यांचा विरोध पत्करून त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. त्यांची कन्या रमा १८५८ साली जन्मली. वडील तेव्हा वृद्ध झाले होते. तिला संस्कृत शिकविले ते मुख्यतः आईने. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ म्हणून गौरविले, ती मुलगी कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती. लक्ष्मीबाईंचा विवाहही बालविवाहच होता आणि त्यांची संमती कोणी विचारली नव्हती, हे विसरता येणार नाही. परंतु त्या घरात मुलीच्या आधी आई शिकली, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. शिवाय पंडिता रमाबाईंनी घरी मिळालेली विद्या घरातच ठेवली नाही. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढून ती विधवा मुलींपुढे मोकळी केली. सावित्रीबाईंची गोष्ट याहून वेगळी नाही. जोतिरावांनी त्यांना घरी शिकविले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली गेली.

आता श्रमाचा हिशेब पाहावा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. या विषमतेवर घरच्या शाळेचा भार चढविला, तर तो कोणाच्या खांद्यावर येईल हे सांगायला ज्योतिषी नको. नवरा सभांत पर्यायी शिक्षणावर भाषणे देईल आणि बायको नोकरी सोडून गणित शिकवील. तिचे वेतन जाईल, निवृत्तिवेतन जाईल, आणि पुढे मुलाचे काही अडले तर दोषही तिच्याच माथी येईल. ‘आम्ही मुलाला घरी शिकवितो’ या वाक्यातील ‘आम्ही’ कोण, हे लग्नापूर्वीच तासांच्या हिशेबात लिहून काढावे.

समाजवादी कार्यकर्त्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळेचा आणि शेजारशाळेचा आग्रह धरला. सर्व थरांतील मुले एका बाकावर बसावीत, ही त्यामागील दृष्टी होती. खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना देण्याची २००९ च्या कायद्यातील तरतूद हा त्याच दिशेचा अपुरा का होईना, पण प्रयत्न आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला पाडलेले खिंडार मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये बुजविले. गरीब पालक बाकावरच्या जागेसाठी न्यायालयाचे दार ठोठावत असताना, ज्यांना लिहिता-बोलता येते, अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, त्या पालकांनी आपली मुले घेऊन शाळेबाहेर पडावे काय? ती शाळा मग कोणाच्या भरवशावर सुधारायची? घर हे जातीचे आणि रूढीचे पहिले आश्रयस्थान असते. मूल त्या उंबऱ्याबाहेर परक्या मुलाचा डबा कोठे चाखणार?

याचा अर्थ गृहशिक्षण करूच नये असा नव्हे. अपंग मूल, सतत स्थलांतर करणारे कुटुंब, शाळेत अपमानाने खचलेले मूल, अशा ठिकाणी ते आधार ठरू शकते. इतरांनीही ते करावे, परंतु दार उघडे ठेवून करावे. दरबाननंतर गांधीजींचाच प्रयोग १९१० पासून टॉलस्टॉय फार्मवर सामुदायिक झाला. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती मुले एकत्र शिकली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली गेली, ती एका घरासाठी नव्हती, देशातील सर्व मुलांसाठी होती.

तेव्हा जोडीदार शोधताना चार प्रश्न विचारावेत. घरी का शिकवायचे, कोणापासून दूर ठेवण्यासाठी तर नाही ना? शिकविण्याचे तास आणि बुडणारे वेतन दोघांत कसे वाटायचे? घरात शिकलेले वस्तीतल्या कोणाकोणाच्या उपयोगी पडेल? आणि मूल दहा-बारा वर्षांचे होऊन ‘मला शाळेत जायचे आहे’ म्हणाले, तर त्याचे ऐकणार की आपले तत्त्व जपणार? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. ते दिवस पाहुण्यांच्या याद्यांत घालविण्यापेक्षा या प्रश्नांत घालविणे हिताचे आहे.

या प्रश्नांना दोघांची उत्तरे सारखीच येतील असे नाही, आणि यायलाच हवीत असेही नाही. प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा जोडीदार अनुयायी असतो, सहचर नव्हे. ज्याला ‘नाही’ म्हणता येते, ज्याचे ‘नाही’ ऐकून घेतले जाते आणि जो निर्णय झाल्यावर अर्धे ओझे उचलतो, त्याच्याशी मतभेद असूनही संसार होतो आणि मुलाचे शिक्षणही होते. पक्षाच्या शिबिरांत आंतरजातीय विवाह, हुंडाबंदी आणि नोंदणी विवाह यांची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. मुलाच्या शिक्षणाचा हा करारही त्या चर्चेत घ्यावा, आणि विवाहोत्सुक तरुणांपुढे तो लग्न ठरण्यापूर्वी ठेवावा.