आजारी बाळ आणि आईचे दूध : डॉक्टरांना विचारावयाचे तीन प्रश्न

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नायगाव येथे एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेने मागे वळून पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु पुढची पन्नास वर्षे ज्यांची आहेत, ती बालके आज कोणाच्या तरी मांडीवर आहेत. म्हणूनच मी आज एका अतिशय घरगुती वाटणाऱ्या, पण जीवनमरणाशी निगडित असलेल्या विषयावर बोलणार आहे. तान्हे बाळ आजारी पडले की त्याचे आईचे दूध चालू ठेवावे की बंद करावे, आणि याबाबत डॉक्टर जे सांगतात ते आपण कसे समजून घ्यावे, हा तो विषय होय.

आरंभी आपल्या आगमातील एका नियमाचे स्मरण करू. दशवैकालिक सूत्राच्या पिंडैषणा अध्ययनात साधूने भिक्षा कोणाकडून घेऊ नये याचे विवेचन आहे. एखादी माता बाळाला पाजत असेल आणि त्या रडत्या बाळाला खाली ठेवून ती आहार देण्यास उठली, तर तो आहार साधूला कल्पत नाही, असे तेथे सांगितले आहे. दिगंबर परंपरेच्या मूलाचारातही आहार देणाऱ्याच्या दोषांमध्ये, स्तनपान करणाऱ्या बाळाला बाजूला ठेवून येणाऱ्या स्त्रीचा उल्लेख आहे. साक्षात मुनींच्या आहारासाठीही बाळाचे दूध तोडणे आपल्या आचार्यांना मान्य नव्हते. मग एखाद्या चिठ्ठीवरील एका ओळीने ते तुटत असेल, तर त्यामागचे कारण विचारण्याचा अधिकार आपल्याला निश्चितच आहे.

बाळाला जुलाब लागले, अंग पिवळे दिसले किंवा आईलाच ताप आला, की “दोन दिवस अंगावरचे बंद ठेवा, डब्याचे दूध द्या” असा सल्ला आजही ऐकू येतो. दोन दिवस ही मुदत लहान वाटते. परंतु आईच्या शरीराचा नियम वेगळा आहे. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. स्तन रिकामे झाले नाहीत, तर दूध घटू लागते. इकडे बाटलीच्या बुचाची सवय झालेले बाळ पुष्कळदा पुन्हा नीट ओढत नाही. दोन दिवसांसाठी थांबविलेले दूध अशा रीतीने कायमचे जाते, आणि दोष मात्र आईला दिला जातो की, हिला दूधच नव्हते.

असा सल्ला का मिळतो?

येथे डॉक्टरांवर सरसकट ठपका ठेवण्याचा हेतू नाही. या सल्ल्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण जुन्या शिकवणीचे आहे. जुलाबात आतड्यांना विश्रांती द्यावी, अशी एकेकाळी वैद्यकातील समजूत होती. दुसरे कारण वेळेचे आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बाळ स्तनाला नीट लागते की नाही, हे दहा मिनिटे बसून पाहण्यापेक्षा डबा लिहून देणे सोपे जाते. तिसरे कारण भीतीचे आहे. औषधांसोबतच्या माहितीपत्रकावर “स्तनदा मातांनी टाळावे” असे सावधगिरीचे वाक्य पुष्कळदा असते, आणि प्रत्यक्षात त्यातील बहुसंख्य औषधे घेत असताना पाजता येत असूनही जोखीम नको म्हणून दूधच थांबविले जाते. चौथे कारण आपण स्वतः आहोत. काहीतरी बंद केल्याशिवाय आणि काहीतरी नवे लिहून दिल्याशिवाय डॉक्टरांनी उपचार केला, असे आपल्याला वाटतच नाही.

पाचवे कारण व्यापाराचे. डब्याच्या दुधाच्या कंपन्यांनी वैद्यकीय व्यवसायाशी जवळीक साधू नये म्हणून जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९९२ मध्ये शिशु दुग्ध पर्यायांविषयीचा स्वतंत्र कायदा केला व २००३ मध्ये तो अधिक कडक केला. या कायद्यानुसार अशा दुधाची जाहिरात करणे, मातांना मोफत नमुने वाटणे, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणे यांस मनाई आहे. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा येथे स्थापन झाली, ही अभिमानाची बाब होय.

आजारागणिक विचार

प्रथम जुलाब. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजून असंख्य रुग्ण वाचविले. जुलाब चालू असतानाही आतडे पाणी, साखर व क्षार शोषून घेते, हे तेथे मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आले. आतड्यांच्या विश्रांतीची कल्पना त्यानंतर मागे पडत गेली. आज जागतिक आरोग्य संघटना व भारत सरकार यांचे धोरण स्पष्ट आहे : जुलाबात आईचे दूध चालू ठेवावे, उलट अधिक वेळा पाजावे, सोबत ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत १४ दिवस झिंक द्यावे. केवळ आईच्या दुधावरील बाळाला दिवसातून अनेकदा पातळ, पिवळसर शी होणे हा आजारही नसतो, हेही ध्यानी असावे.

दुसरी कावीळ. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेक बाळे पिवळी दिसतात. हा पिवळेपणा मुख्यतः शीवाटे बाहेर पडतो. दूध कमी पोटात गेले, तर शी कमी होते आणि कावीळ वाढते. म्हणजे येथे दूध तोडणे हे बहुतेक वेळा उपायाच्या अगदी उलट ठरते. निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळालाही दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. मात्र जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तिसरा आजार सर्दी-खोकला व न्यूमोनिया. नाक चोंदलेले बाळ ओढताना दमते. त्याला थोडे थोडे, वारंवार पाजावे. ओढताच येत नसेल, तर आईने हाताने दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. धाप फार असेल, तर रुग्णालयात नळीवाटे आईचेच काढलेले दूध देता येते. “आईने थंड खाल्ले म्हणून बाळाला सर्दी झाली” हा घरातील आरोप मात्र सोडून द्यावा. त्यापायी बाळंतिणीचे ताक, फळे, भाज्या बंद होतात आणि अशक्त होते ती तीच.

चौथी परिस्थिती आईच आजारी असण्याची. साधा ताप, सर्दी, विषमज्वर, स्तनात गाठ येऊन झालेली सूज, यांत पाजणे चालू ठेवता येते. आईला ज्या जंतूंची बाधा झाली, त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये तिच्याच दुधातून बाळाला मिळतात. क्षयरोग असलेल्या मातेनेही उपचार घेत, मुखपट्टी लावून पाजावे; बाळाला प्रतिबंधक औषध दिले जाते. २०२० साली कोविडच्या साथीत अनेक ठिकाणी बाळे मातांपासून दूर ठेवली गेली. पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला हात धुऊन, मुखपट्टी लावून पाजण्याचाच होता.

थांबविणे केव्हा आवश्यक असते?

याचा अर्थ डॉक्टरांनी कधीच थांबवू नये, असा नाही. तीव्र धाप, झटके, पोट फुगणे, शस्त्रक्रियेपूर्वीचे काही तास, अशा वेळी तोंडाने काहीही न देणे हेच बाळाच्या हिताचे असते. गॅलॅक्टोसेमिया नावाच्या दुर्मीळ जन्मजात विकारात दुधातील साखर बाळाला विषवत ठरते; तेथे आईचे काय, गायीचेही दूध चालत नाही. कर्करोगावरील काही औषधे, किरणोत्सारी औषधे यांतही मनाई असते. एचआयव्हीबाधित मातेने तर औषधोपचार व पाजणे दोन्ही वैद्यकीय देखरेखीखालीच करावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाने पाजणेच सोडले, ते निपचित किंवा थंड पडले, दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालू लागला, तर घरगुती उपाय न करता नांदेडला धाव घ्यावी. माझे म्हणणे एवढेच आहे की, थांबविण्यास कारण असावे आणि त्यास मुदत असावी.

आजारी बाळांसाठी आईचे दूध किती मोलाचे आहे, हे पाहावयाचे असेल तर मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाकडे पाहावे. तेथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दूध पेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते आणि ज्यांच्या आईचे दूध उपलब्ध नाही अशा कमी वजनाच्या, आजारी नवजात बालकांना दिले जाते. जेथे सर्वांत नाजूक बाळे आहेत, तेथेच मानवी दुधाची सर्वाधिक निकड भासली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तीन प्रश्न

म्हणून प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्न पाठ करावेत. दूध बंद करण्यास सांगितले, तर नम्रपणे विचारावे : “डॉक्टरसाहेब, नेमक्या कोणत्या कारणासाठी बंद करायचे? किती तास किंवा किती दिवस? आणि तोपर्यंत हिचे दूध टिकावे म्हणून काय करायचे?” या प्रश्नांत कोणाचाही अवमान नाही. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देईल. पुष्कळदा पहिल्या प्रश्नालाच सल्ला बदलतो आणि बंद करण्याऐवजी काढून देण्याचा मार्ग निघतो. हे प्रश्न आजीने किंवा बाळाच्या वडिलांनी विचारावेत. आजारी बाळाजवळ बसलेल्या सुनेवर तो भार टाकू नये.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी येथेच देतो. बाळ दूर असले तरी आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, स्वच्छ हातांनी दूध काढावे. काढलेले दूध झाकून सावलीत साधारण चार तास टिकते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे.

समाजाचे कर्तव्य

आपण पाणी गाळून पिणारा समाज आहोत. बाटली, बूच, पाणी, डबा या प्रत्येक टप्प्यावर जंतूंचा शिरकाव होऊ शकतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. आईच्या दुधाला ना गाळणे लागते, ना उकळणे.

आणखी एक नाजूक गोष्ट श्रद्धापूर्वक मांडतो. पर्युषणात वा दशलक्षणात पाजत्या माता कडक उपवास करतात. त्यात बाळ आजारी असेल, तर आईला पाणी व आहार दोन्हींची गरज वाढते. आपल्या सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही भावना आहे. तप शक्तीप्रमाणेच करावयाचे आहे. गुरूंची आज्ञा घेऊन अशा मातेने उपवासाऐवजी स्वाध्याय, जप स्वीकारावा आणि घरातील ज्येष्ठांनी तिला ते सुचवावे. आजाऱ्याची सेवा, म्हणजेच वैयावृत्त्य, हेही अंतरंग तपच आहे.

ट्रस्टला माझी विनंती अल्प आहे. धर्मशाळेत, स्थानकात व मंदिराच्या आवारात मातांना निवांत पाजता येईल असा एक कोपरा करावा. नांदेडला बाळ दाखल असलेल्या कुटुंबांसाठी आईची राहण्या-जेवणाची सोय करावी, म्हणजे तिचे दूध बाळापर्यंत पोहोचेल. आणि हे तीन प्रश्न छापून प्रत्येक बाळंतिणीच्या घरी द्यावेत.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण श्रेष्ठ मानतो. आजारी बाळाला पाजणारी आई त्यांतील आहार, औषध व अभय ही तीन दाने एकाच वेळी देत असते. चौथे, ज्ञानाचे दान, तिला आपण द्यावयाचे आहे.

जय जिनेंद्र!