संशोधन-लेखांतील संदर्भांची नोंद
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



कृतिसंशोधनाचे अहवाल वाचण्याचा योग मला वरचेवर येतो. वर्गातील निरीक्षणे त्यांत पुष्कळदा उत्तम असतात. उणीव राहते ती शेवटच्या पानावर. ‘संदर्भ : गिजुभाईंचे दिवास्वप्न’ एवढ्यावर तेथे काम भागविलेले असते. आज मी मुख्यतः या एका ओळीविषयीच बोलणार आहे.

गिजुभाई बधेका १९३९ साली निवर्तले. ‘दिवास्वप्न’ त्यांनी गुजरातीत लिहिले. आपण वाचतो तो अनुवाद. म्हणजे अवतरणचिन्हांत आपण जे वाक्य घालतो त्याचा आशय गिजुभाईंचा, परंतु शब्द अनुवादकाचे. अनुवाद बदलला की वाक्य बदलते आणि आवृत्ती बदलली की पृष्ठांक बदलतो. दुसऱ्या गावचा एखादा शिक्षक ते वाक्य शोधू लागला, तर आपल्या त्या ओळीवरून त्याला ते सापडावयाचे नाही. यास्तव लेखक, वर्ष, पुस्तकाचे नाव, अनुवादक, आवृत्ती व प्रकाशक ही सूचीत हवीत आणि अवतरणापाशी पृष्ठांक हवा. अनुवादकाचे नाव गाळणे म्हणजे त्याचे श्रम गिळंकृत करणेच होय.

याच पुस्तकाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ते कथारूप आहे. त्यातील शिक्षक चौथीच्या वर्गावर जे प्रयोग करतो ते कल्पित आहेत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातील गिजुभाईंच्या अनुभवाचे बळ त्यांमागे आहे, हे खरे. तेव्हा ‘गोष्टी सांगितल्याने वर्गात शिस्त येते हे सिद्ध झाले आहे’ असे लिहून पुढे ‘दिवास्वप्ना’चा संदर्भ दिला, तर नोंद कितीही बिनचूक असली तरी विधान लटके पडते. विचार म्हणून ते वचन अवश्य घ्यावे; पुरावा मात्र आपल्या वर्गातील नोंदींचाच द्यावा.

एखादे वचन प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आढळले आणि मूळ ग्रंथ पाहिलाच नसेल, तर ‘अमुक पुस्तिकेत उद्धृत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा कसला? भ्रमणध्वनीवर फिरत आलेल्या सुभाषितांना मात्र, त्यांखाली कोणाचेही नाव असो, मूळ सापडेपर्यंत अहवालात थारा देऊ नये.

जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा केवळ शक असतो. तो छापल्याप्रमाणेच द्यावा व शेजारी कंसात इसवी सन लिहावा. चैत्रापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवावे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. महिना ठाऊक नसल्यास दोन्ही साले जोडून लिहावीत.

नोंदी वाचतानाच टिपून ठेवाव्यात. पुस्तक परत गेल्यावर पृष्ठांकासाठी तालुक्याच्या वाचनालयाची खेप घालावी लागते. वहीचे पान पुरते. ज्यांच्यापाशी संगणक आहे त्यांना ‘झोटेरो’ हे विनामूल्य साधन उपयोगी पडेल. माहिती एकदा भरली की संदर्भसूची ते आपोआप रचून देते, पद्धत बदलावयाची झाल्यास तीही बदलते. परंतु मराठी पुस्तकांची माहिती त्यात आयती आली तर ती मुखपृष्ठावर नव्हे, आतल्या शीर्षकपानावर ताडून पाहावी; अनुवादकाचे नाव हमखास गळते ते याच ठिकाणी.

पद्धती अनेक आहेत. शिक्षणशास्त्रात अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पद्धत बरीच रूढ आहे. अहवाल जेथे धाडावयाचा तेथील सूचना आधी पाहाव्यात. सूचना नसतील तर आडनाव प्रथम घालून सूची अकारविल्हे लावावी आणि इंग्रजी ग्रंथांची यादी निराळी करावी.