यंत्रे आली; ती राखणाऱ्या हातांचे काय?

बेंगळुरूच्या ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ या १९५४ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक उद्योगातील कामगारांनी २०२० च्या महामारीत, म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीच्या सहकार्याने, ३०,००० व्हेंटिलेटर तयार केले. ही कामगिरी अभिमानास्पदच आहे. परंतु यंत्र रुग्णालयात पोहोचले म्हणजे काम संपले असे नव्हे. व्हेंटिलेटरमधील ऑक्सिजन मोजणारा रासायनिक सेल यंत्र बंद असतानाही झिजतो, बॅटरी उतरते. तो सेल वेळेवर बदलणारा, हवेचा दाब मापकाशी पडताळून पाहणारा तंत्रज्ञ नसेल, तर लाखोंचे यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पाहणीत २९,११५ सरकारी आरोग्यकेंद्रांतील ७,५६,७५० उपकरणांची नोंद झाली. निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के नादुरुस्त आढळली. उपाय म्हणून २०१५ साली देखभाल कार्यक्रम सुरू झाला. पण अनेक राज्यांत हे काम खाजगी कंपन्यांना कंत्राटाने देण्यात आले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कायम तंत्रज्ञ, सुट्या भागांचा साठा आणि प्रत्येक खरेदीबरोबर दुरुस्तीची संपूर्ण माहितीपुस्तिका. यंत्र घडविणाऱ्या कामगाराइतकाच ते चालू ठेवणारा कामगारही रुग्णाच्या प्राणांचा राखणदार आहे.