खिडकीपलीकडचं काम



बँकेत जायचं म्हटलं की आपल्या गटातल्या बायका एकमेकींकडे बघतात. "तू हो पुढे" म्हणतात. आम्ही समन्वयक महिन्यातून चार-सहा वेळा मोठ्या बँकेच्या शाखेत जातो. आमच्यातल्या काहीजणी बँक सखी म्हणून तिथंच बसतात. तिथलं काम कसं चालतं हे कळलं की निम्मी भीती जाते, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

आधी कॅशियर. दिवसभर कितीतरी लोकांचे पैसे तिच्या हातून जातात. संध्याकाळी रोकड आणि संगणकातला हिशोब जुळावाच लागतो. पाचशेची एक नोट कमी भरली, तरी ती तिला पदरची घालावी लागते. म्हणून ती मान वर न करता दोनदा मोजते. आपल्याला वाटतं, बाईला गर्व आहे! तिजोरीच्या किल्ल्याही दोघांकडे असतात. मोठ्या रकमेची नोंद एकानं करायची आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची, अशी पद्धत असते. साहेब जागेवर नसले की आपण ताटकळतो, ते त्यामुळे.

आता आपल्या कर्जाचं. फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या जाब द्यावा लागतो. म्हणून ठराव, इतिवृत्त, बचतीच्या नोंदी मागतात. त्यात दोन-तीन वर्षांनी त्यांची बदली होते. जुन्या मॅडम आपल्याला नावानं ओळखत होत्या. नव्या साहेबांशी आपली ओळख आपली वहीच करून देते.

बँकेतल्या माणसांना वरून उद्दिष्टंही येतात. एवढ्या ठेवी आणा, एवढे विमे काढा. तो ताण कधी आपल्यावर येतो. एका शाखेत आमच्या एका गटाला सांगितलं, सगळ्यांनी विमा काढलात तरच फाइल पुढे जाईल. आम्ही शांतपणे म्हटलं, "साहेब, तेवढं लिहून द्या." लिहून काही दिलं नाही, फाइल मात्र गेली. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा, ४३६ रुपयांचा जीवन विमा या योजना चांगल्याच आहेत, पण घ्यायच्या की नाही ते आपण ठरवायचं. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन नंबर १४४४८.

आणि एक गोष्ट लेकींची. त्या खिडकीपलीकडे आपली मुलगी का नसावी? कोणत्याही शाखेची पदवी चालते. क्लार्कच्या परीक्षेला साधारण २० ते २८ वयाची अट असते. इंग्रजी, गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात. क्लार्कला त्या राज्याची भाषा यावी लागते, तिथं आपली मराठी कामाला येते. अधिकारी झाली तर बदली देशात कुठंही होऊ शकते, घरी यायला उशीर होतो, हेही खरं. पण अरुंधती भट्टाचार्य १९७७ साली अशाच अधिकारी म्हणून लागल्या आणि २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. पोरगी पदवीधर झाली की लगेच स्थळं बघू नका. दोन वर्षं तिला अभ्यासाला द्या.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. वही त्याच दिवशी पूर्ण करायची. आणि बँकेत दर वेळी अध्यक्ष-सचिवांबरोबर एक नवी बाई न्यायची. सहा महिन्यांत "तू हो पुढे" म्हणणारी गटात कुणी उरणार नाही.