उपाशीपोटी म्हणजे नक्की काय?

‘उद्या उपाशीपोटी या’, एवढ्यावरच बहुतेक तपासण्यांची पूर्वसूचना संपते. रक्तातील साखरेच्या उपाशीपोटी तपासणीआधी किमान ८ तास काही खायचे नसते. साधे पाणी मात्र चालते. हे न सांगितल्यामुळे पहाटेपासून घसा कोरडा ठेवून बाकावर ताटकळणारी म्हातारी माणसे प्रयोगशाळांत दिसतात. बिनसाखरेचा चहाही चालत नाही, हे काहींना सुई टोचताना कळते.

सोनोग्राफीत गोंधळ अधिक. जेवणानंतर पित्ताशय आकसते आणि खडे नीट दिसत नाहीत, म्हणून उपवास. ओटीपोटाच्या तपासणीला मात्र मूत्राशय भरलेले लागते, कारण ते आतडी बाजूला सारते आणि ध्वनिलहरींना वाट मिळते. कारण न सांगता नुसते ‘पाणी पीत राहा’ म्हटले, की नंबर लागण्याआधीच बाई लघवीला जाऊन येते. मग पुन्हा बाटली, पुन्हा तासभर खोळंबा, वर बोलणी तिलाच. हा अन्याय आहे.

मधुमेहींच्या बाबतीत प्रश्न जिवाशी येतो. उपाशी राहून इन्सुलिन किंवा काही गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून चालू औषधांची चौकशी तारीख देतानाच व्हायला हवी.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतील १७ हक्कांत पहिला हक्क माहितीचा आहे, तोही रुग्णाला समजेल अशा भाषेत. उपवास किती तास, पाणी चालेल का, कोणती गोळी थांबवायची: मराठीतल्या छोट्या चिठ्ठीवर एवढे सहज मावते.