एका काळ्या पडद्याची हकीकत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अमृतराव घाटावर केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाचा इतिहास सांगावा, दिवंगतांचे स्मरण करावे, पुढील पिढीस चार शब्द सांगावेत, अशी रीत आहे. ते कार्य आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी ह्याच मालेत पार पाडले आहे. आमच्याकडे कार्यकारिणीने मागितले ते काहीसे निराळे. वाचनालयाच्या कोपऱ्यात दोन लहान काळे डबे ठेवलेले आपण पाहिले असतील. मूळचे ते सहा होते. त्यांचे पडदे २०१० च्या हिवाळ्यात कसे उजळले, ती हकीकत सांगावी, अशी आम्हांस आज्ञा झाली. विषय रुक्ष आहे, हे आम्ही जाणतो; पण त्या हिवाळ्यात ह्या खोलीत जे घडले ते कोठे तरी लिहून राहावे असे आम्हांलाही वाटत होते.

आपण बसलो आहोत तो घाट अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र १८०३ साली इंग्रजांशी करार करून, सालीना सात लाखांच्या तनख्यावर, पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले आणि पुढे काशीवासी झाले. १८२४ साली त्यांनी येथेच देह ठेवला. केदारघाटाहून दशाश्वमेधाकडे येताना लागणाऱ्या ह्या घाटास लोक राजाघाटही म्हणतात. घर सोडून आलेल्या मराठी माणसाने येथे दगड रचले, एवढे आजच्या विषयापुरते पुरे.

आता मूळ अडचण सांगतो. आपली मुले येथे हिंदी माध्यमात शिकतात. लिपी तीच असल्यामुळे मराठी येतेच आहे, असा आपला व त्यांचाही समज होतो. प्रत्यक्षात ‘बाळ’ चा ‘बाल’ होतो, ‘दऱ्याखोऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा र तर मुलांना ओळखूही येत नाही. त्यांना मराठी टंकता यावे, दिवाळी अंकासाठी चार ओळी स्वतः लिहिता याव्यात, म्हणून वाचनालयात संगणक हवा होता. नवे सहा संगणक घेण्याची मंडळाची ऐपत नव्हती. तेवढ्यात एका कचेरीने मोडीत काढलेले सहा ‘थिन क्लायंट’ भंगाराच्या भावात मिळाले. आमचे एक ज्येष्ठ सभासद त्यांना अखेरपर्यंत ‘रोडके संगणक’ म्हणत असत. भाषांतर म्हणून ते अचूकच होते. ह्या यंत्रात फिरती तबकडी नसते, पंखा नसतो. ते फक्त पडदा, कळफलक आणि तार सांभाळते, आणि खरे काम दुसरीकडे ठेवलेला एक थोरला संगणक, म्हणजे सर्व्हर, करतो. वीजही थोडकी लागते. काशीतील विजेची तऱ्हा आपणांस ठाऊक आहेच.

यंत्रे आली, पण सुरू करताच पासवर्ड मागू लागली. जुन्या मालकाच्या कचेरीत तो कोणालाच आठवत नव्हता. आतील सेल काढून पाहिला. तरीही कुलूप गेले नाही. हे कुलूप ज्या ठिकाणी असते त्यास फर्मवेअर म्हणतात. वीज येताच यंत्रात सर्वांत आधी जागा होणारा, एका लहानशा चिपमध्ये लिहून ठेवलेला प्रोग्राम तो हा. मेमरी मोजणे, भाग जागे करणे आणि मग पुढच्या प्रोग्रामच्या हाती कारभार देणे, ही त्याची कामे. बहुतेक यंत्रांत तो कारखानदाराच्या मालकीचा असून त्याचा मजकूर कोणास पाहता येत नाही. कुलूप उघडत नाही तर दारच बदलावे, ह्या विचाराने आम्ही मुक्त फर्मवेअरकडे, म्हणजे ‘कोअरबूट’ कडे वळलो.

ह्या कोअरबूटचा जन्म १९९९ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला. रॉन मिनिक हे त्याचे प्रवर्तक. तेव्हा त्याचे नाव ‘लिनक्सबायॉस’ होते. २००८ साली ते बदलले. तेथे शेकडो संगणक एकत्र जोडून एकच मोठे गणित सोडवीत. त्या संगणकांना पडदाही नसे आणि कळफलकही नसे. मात्र कारखान्याचे फर्मवेअर कळफलक नाही म्हणून अडून बसे आणि माणसाने येऊन कळ दाबावी अशी अपेक्षा करी! त्या जाचातून सुटण्यासाठी हे नवे फर्मवेअर लिहिले गेले. ही गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली. ज्या फर्मवेअरचा जन्मच पडदा नसलेल्या यंत्रांसाठी झाला, त्याच्याकडे आम्ही पडद्याचीच अपेक्षा धरून बसलो होतो.

आमच्या डब्यांत ए.एम.डी. कंपनीचा ‘जीओड एल.एक्स.’ हा ५०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट मेमरी होती. फर्मवेअरची चिप बोटाच्या पेराएवढी, बत्तीस पायांची, खोबणीत बसविलेली, ५१२ किलोबाइटची. मूळ चिप आम्ही काढून डबीत जपून ठेवली व नव्या कोऱ्या चिपवर प्रयोग सुरू केला. चिप लिहिण्याचे यंत्र लंकेवरील एका दुरुस्तीच्या दुकानात होते. प्रत्येक प्रयोगास घाटावरून लंकेपर्यंत सायकलरिक्षाने जाणे, लिहवून आणणे, खोबणीत बसविणे असा क्रम असे. एका चिपचा पाय आमच्याच घाईने मोडला.

पहिल्या चिपने काय केले? काहीही नाही. दिवा लागला, पडदा काळा. दुसरीचेही तेच, तिसरीचेही तेच. एकदा तर पडद्याची तारच जोडलेली नव्हती, हे आम्हांला पाऊण तासाने कळले. काकू चहा घेऊन येत आणि विचारीत, “काय रे, उजाडलं का?” आम्ही नुसती मान हलवीत असू.

वळण मिळाले ते मुंबईहून आलेल्या त्यांच्या भाच्यामुळे. त्याने पडद्याकडे पाहिलेही नाही. डब्याच्या पाठीमागे नऊ टाचण्यांचे एक जुनाट तोंड होते, ते पाहून तो म्हणाला, “मामा, हा मुका नाहीये. तुम्ही फक्त डोळ्यांनी बघताय.” हे तोंड म्हणजे सिरिअल पोर्ट. त्याने एक उलटसुलट जोडणीची केबल बनविली, तिचे दुसरे टोक आपल्या संगणकास लावले, गती ११५२०० वर ठेवली आणि डब्याची कळ दाबली. त्याच्या पडद्यावर ओळींमागून ओळी झरू लागल्या. आमचा डबा पहिल्या दिवसापासून बोलत होता. मेमरी जागी होण्यापूर्वीच, प्रोसेसरमधील थोड्याशा जागेत उभा राहून, आपण काय करीत आहोत हे तो सांगत होता. मेमरी सापडली, जाळ्याची तार सापडली, सर्व्हरवरून लिनक्सही उतरले, शेवटी नाव विचारणारी ओळसुद्धा आली. केवळ पडदा तेवढा काळा.

त्या रात्री आम्ही ती सर्व ओळख कागदावर छापून काढली आणि एकेक ओळ वाचली. लिनक्सने सापडलेल्या भागांची यादी दिली होती; तीत पडद्याचा भाग मुळी नव्हताच. जो प्रोसेसरच्या पोटातच आहे तो सापडू नये, ह्याचे कारण असे. जीओडमधील पुष्कळसे भाग इतर यंत्रांतल्यासारखे स्वतःची ओळख देत नाहीत. त्यांच्या वतीने एक पडद्याआडचा प्रोग्राम उत्तर देतो. त्याचे नाव व्ही.एस.ए. प्रोसेसर चालता चालता क्षणभर थांबतो, हा प्रोग्राम उत्तर देऊन अदृश्य होतो, आणि विचारणाऱ्याला वाटते की भागानेच उत्तर दिले. काशीतील आपल्या उपाध्यांसारखाच हा प्रकार म्हणावयाचा. यजमानाला पणजोबांचे नाव आठवत नाही, उपाध्ये वही उघडून सांगतात. आम्ही कोअरबूट चिपवर नेले होते, पण वही नेलीच नव्हती. जाळ्याचे कार्ड निराळे, स्वतःची ओळख स्वतः देणारे. म्हणून तेवढे सापडले.

व्ही.एस.ए. घालून चिप पुन्हा लिहिली. आता यादीत पडद्याचा भाग आला. पडदा मात्र काळाच!

येथे मला, नव्हे आम्हांला, थोडे दूर, रायगड जिल्ह्यात जावे लागते. कर्जतजवळील खैराट ह्या लहानशा वस्तीच्या जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी मराठी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ह्या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनीही त्यात लक्ष घातले होते. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप, ज्यांना एक्स.ओ. म्हणत, आमच्या डब्यांचेच भाऊबंद होते. प्रोसेसर तोच जीओड एल.एक्स., चाल ४३३ मेगाहर्ट्‌झ, मेमरी २५६ मेगाबाइट. पडदा मात्र अपूर्व: साडेसात इंचांचा, १२०० बाय ९०० ठिपक्यांचा, भर उन्हातही वाचता येणारा. त्यांचे फर्मवेअर आरंभी लिनक्सबायॉस होते. पुढे मिच ब्रॅडली ह्यांनी आपले ‘ओपन फर्मवेअर’ त्यावर आणले आणि तेही मुक्त केले. ह्या मंडळींनी व्ही.एस.ए. सरळ काढून टाकले. भागांची वही त्यांनी लिनक्सच्याच मजकुरात लिहिली, सर्वांना वाचता येईल अशी. कर्जतच्या डोंगरातील मुलांपुढे जो पडदा उजळत होता, त्याच्यामागे उत्तर देणारा अदृश्य उपाध्या नव्हता.

त्यांचा हा मजकूर वाचतानाच आमची चूक सापडली. लिनक्समधील पडद्याचा चालक, नाव ‘एल.एक्स.एफ.बी.’, आरंभी एकच प्रश्न विचारतो: चित्रासाठी मेमरी किती राखली आहे? व्ही.एस.ए. असेल तर त्याला विचारतो, एक्स.ओ.सारख्या यंत्रात ते नसेल तर प्रोसेसरमधील नोंदीवरून स्वतः हिशेब करतो. आमच्याकडे व्ही.एस.ए. होते, आणि ते प्रामाणिकपणे उत्तर देत होते: शून्य. आम्ही आमची मांडणी पडदा नसलेल्या, केवळ जाळे सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका जीओड यंत्रावरून उतरविली होती. त्यात चित्रासाठी शून्य मेगाबाइट लिहिले होते. त्या यंत्रास ते योग्यच होते. आम्ही उतरविताना वाचले नाही.

शून्याच्या जागी आठ लिहिले. पुन्हा रिक्षा, पुन्हा लंका. परतलो तेव्हा घाटावर दिवे लागले होते. कळ दाबली, केबलवर नेहमीच्या ओळी गेल्या, मग पडदा एकदा थरारला आणि डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरे उमटली. थोड्याच वेळात सर्व्हरवरील चित्रमय पाटी आली. पहिले काय टंकावे ह्यावर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे गणेशाचे नाव असावे. काकूंच्या नातवाने वाद संपेपर्यंत वाट न पाहता ‘बाळ’ लिहिले, ळ सकट, आणि खाली ‘दऱ्या’. चंद्रकोर नीट उमटली. काकूंनी चष्मा पुसून दोनदा वाचले.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण त्या काळात आम्ही ‘संपूर्ण मुक्त संगणक’ अशी जाहिरात सूचनाफलकावर लावली होती. ती खरी नव्हती. व्ही.एस.ए. आमच्या चिपमध्ये शेवटपर्यंत राहिले. त्याचा मूळ मजकूर कंपनीने दिला होता हे खरे. पण तो बांधावयास जुनी, मुक्त नसलेली अवजारे लागत, म्हणून तयार केलेली फाइलच आम्ही जशीच्या तशी वापरली. आत काय आहे हे आम्ही वाचलेले नाही. खैराटच्या मार्गाने ते काढता आले असते काय? आले असते, असे आमचे मत आहे. पण तेवढी विद्या आमच्यापाशी नव्हती, आणि मुले बाकांवर येऊन बसली होती. फलकावरील ‘संपूर्ण’ हा शब्द आम्ही पुढे खोडला, तो खुद्द त्या भाच्यानेच पत्राने खडसावल्यावर.

पुढचे थोडक्यात. सहाही डबे २०११ च्या गणेशोत्सवापूर्वी चालू झाले. चार डबे काळाने नेले. पावसाळ्यातील घाटाची ओल कोणास सोडते? कोअरबूटच्या आजच्या आवृत्तीत जीओडला स्थान नाही; जुन्या आवृत्ती मात्र जशाच्या तशा उपलब्ध आहेत. २०२३ साली आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीनेही ह्या प्रोसेसरला निरोप दिला. त्यामुळे उरलेल्या दोहोंसाठी सर्व्हरवर जुनीच आवृत्ती राखली आहे, आणि बाहेरच्या जाळ्याशी त्यांचा संबंध तोडून टाकला आहे. लिहिण्यापुरते ते अजून पुरतात. नव्या मुलांचे लक्ष फोनकडे अधिक, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. ळ फोनवरही उमटतो.

केबलवरून छापलेले ते सर्व कागद, चुकलेल्या प्रयोगांसकट, तारखा घालून एका वहीत चिकटविले आहेत. बांधीव दिवाळी अंकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, ती वही आहे. शेजारच्या डबीत सहा मूळ चिपा आणि पाय मोडलेली एक. व्याख्यानानंतर वाचनालयाची खोली उघडी राहील. ज्यांना डबा बोलताना ऐकावयाचा असेल त्यांच्यासाठी केबल जोडून ठेवली आहे.