हलला तो पुसला गेला

लहानपणी ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घाटकोपरच्या एका स्टुडिओत फोटो काढायला जायचो. फोटोग्राफर दटावायचा, ‘हलू नका!’ एकदा धाकटा भाऊ हललाच. त्या फोटोत त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट डाग आहे.

एकोणिसाव्या शतकातली बांधकामांची छायाचित्रे पाहताना मला तो डाग आठवतो. लंडनजवळ सिडनहॅमला १८५२ ते १८५४ या काळात क्रिस्टल पॅलेस पुन्हा उभारला गेला. फिलिप हेन्री डेलामोट याने त्या कामाचा टप्पा न् टप्पा टिपला. आपल्याकडे हे भाग्य बोरघाटाच्या रेल्वेला लाभले. काम सुरू झाले १८५६ मध्ये. पंचवीस बोगदे खोदायचे होते. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळले आणि ठेकेदार फॅव्हिएलने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. तिला छायाचित्रणाची जाण होती. घाटाच्या कामाची छायाचित्रे तिने घेतली. १८६१ च्या जानेवारीत तिथे ४२ हजारांवर माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला.

त्या काळी काचेवरचा लेप ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि भिंगावरचे झाकण काही सेकंद उघडे ठेवावे लागे. दगडी कमान हलत नाही. ती रेखीव उमटते. काठी टेकून उभा राहिलेला मुकादमही उमटतो. डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई मात्र धूसर होते, कधी दिसतही नाही. जो काम करत होता तो हलत होता, आणि हलला तो पुसला गेला.

माझे अब्बा गवंडी होते. घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी चाळींच्या भिंती त्यांच्या हातच्या. कामावरचा त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आहे तो स्टुडिओतला, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेला. त्यात ते मला अब्बा वाटतच नाहीत.

पुण्याला जाताना गाडी बोरघाटाच्या बोगद्यात शिरते, डब्यात अंधार होतो, पोरे ओरडतात. त्या अंधारात मला अब्बा दिसतात. हातात ओळंबा, ओठांत विडी, आणि क्षणभरही स्थिर नसलेले.